उत्तर: जुन्या वाड्यात आतून न्हाणीच्या भिंती

दादा, जुन्या वाड्यात न्हाणी करताय अन् मातीच्या जुडाईच्या (विटा चिखलात रचलेल्या) त्या जाड भिंतीवर डायरेक्ट सिमेंट प्लास्टर मारून टाइल्स लावतो म्हणता, मिस्तरी हो म्हणेलच, पण नका करू. जुनी वीट खालून ओल ओढते अन् हवेत सोडते, वरून सिमेंटनं तोंड बंद केलं की ओल आतच राहते, खार फुटतो, टाइल्स पोकळ वाजायला लागतात. त्यापेक्षा आतून 4 इंची वेगळी भिंत उचला, जुनीपासून दोनेक इंच सोडून, अन् त्या गॅपला वर-खाली जाळी ठेवा म्हणजे हवा खेळते. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून नवी भिंत नुसत्या फर्शीवर नाही, मुरमापर्यंत खोदून पायावर घ्या.

नव्या भिंतीला वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या, एक आडवा अन् एक उभा, शॉवरच्या वरपर्यंत, कोपऱ्यात आधी वाटा (सिमेंटची गोलाई) मारून. टाइल्स लावायच्या आधी न्हाणी ट्रॅप (फर्शीतलं पाणी जायचं तोंड) बंद करून 24 तास पाणी भरून ठेवा, मिस्तरी घाई करेल (लग्नसराईत तर करतेच), ऐकू नका. नळाचे पाइप नव्या भिंतीतच घ्या, जुनीला पाइपासाठी झिरी (खाच) मारली तर माती ढासळत जाते.

छत लाकडी पाटनाचं (फळ्यांचं) आहे का? मग न्हाणीची वाफ लाकडात मुरू नये म्हणून एक्झॉस्ट फॅन पाहिजेच.