बाळाची नाळ डबीत जपून ठेवायची की पुरायची?

निशिकासाईकर:
नमस्कार मंडळी. आम्ही टोकियोत असतो, नुकतीच मुलगी झाली. डिस्चार्जच्या वेळी नर्सने एक छोटी लाकडी डबी हातात ठेवली, आत कापूस, वर बाळाचं नाव, जन्मतारीख, आईबाबांची नावं लिहायला जागा. मला वाटलं दागिन्याची वगैरे असेल, तर म्हणे नाळेचा तुकडा गळून पडला की यात ठेवा. आता तो पडलाय, काळ्या मनुक्यासारखा दिसतोय, आणि सासूबाई बाळंतपणासाठी इथे आल्यात त्या म्हणतात असलं घरात ठेवू नये, पुरून टाक. सातव्या मजल्यावर राहतो हो, कुंडीत पुरू का? नवरा म्हणतो राहू दे की. कोणी ठेवलीय का? पुढे करतात काय तिचं?

ओसाकावाला:
हेसो-नो-ओ म्हणतात त्याला. आमच्या दोन्ही पोरांच्या डब्या कपाटात आहेत. लाकूड किरी नावाच्या झाडाचं असतं, एकदम हलकं, दमट हवेत पण आतली वस्तू कोरडी राहते, किमोनो ठेवायची कपाटंसुद्धा त्याचीच करतात. जुनी पद्धत अशी की मुलगी लग्न होऊन निघाली की आई डबी तिच्या हवाली करते, काही घरांत आई गेली की तिच्या शवपेटीत ठेवतात. हल्ली बऱ्याच जणांकडे नुसती पडून असते, खरं सांगायचं तर आमच्याकडे पण.
आणि जावळ काढलंत तर केस टाकू नका. इथे त्याचा लिहायचा ब्रश करून मिळतो, ताइमो-फुदे. केस पहिल्यांदाच कापलेले लागतात, कारण कधीच कात्री न लागलेल्या केसांची टोकं निमुळती असतात.

वाईची_मावशी:
अगं सासूबाईंचं पण अगदीच चूक नाही. पूर्वी घरीच बाळंतपणं व्हायची, सुईण वार (प्लॅसेंटा) पुरायची, चांगला खोल खड्डा करून वर दगड, कुत्र्यामांजरांनी उकरू नये म्हणून. पण ती वार, आणि तुझ्याकडे आहे तो नंतर गळलेला तुकडा. तो आमच्या आजीने माझ्या भावाच्या ताईतात घालून त्याच्या गळ्यात बांधला होता! तेव्हा घरात ठेवायचंच नाही असं काही आपल्याकडे सगळीकडे नव्हतं. बरं पाचवी पुजलीस का तिकडे? कोरा कागद आणि पेन ठेवलंस ना, सटवाई काय जपानीत लिहून गेली की काय बघ :)

हौशी_वाचक:
ठेवा हो. या डब्यांनी एकदा फार मोठं काम केलंय. क्युशूमध्ये मिनामाताला चिस्सो या रसायन कंपनीच्या कारखान्याचा पारा खाडीत जायचा, तिथून माशांत, माशांतून माणसांत. १९५६ मध्ये आजार अधिकृतपणे नोंदवला गेला, पण सांडपाणी थांबायला १९६८ उजाडलं. मुलं जन्मतःच अधू निघत होती आणि तेव्हा समज असा की वार विष अडवते, म्हणजे पोटातल्या बाळाला काही होणार नाही. हारादा मासाझुमी नावाच्या डॉक्टरांनी याचा पिच्छा पुरवला, १९६२ मध्ये जन्मजात मिनामाता आजार मान्य झाला. पण जन्माच्या वेळी बाळाच्या अंगात पारा किती होता हे वर्षांनंतर मोजणार कशावरून? तर घराघरातल्या या डब्यांवरून. नाळेच्या वाळक्या तुकड्यांत मिथिल पारा (पाऱ्याचं तेच विषारी रूप) सापडला आणि कोणत्या साली जन्मलेल्यांत किती हे लावून बघितलं तर कारखान्याचं उत्पादन जसं चढलं-उतरलं तसाच तो आकडा. डबीवर जन्मतारीख असते ना, तिचा उपयोग झाला. नाहीतर आठवण म्हणून आपण काय ठेवतो, फोनमधले चार हजार फोटो.

डॉ_रात्रपाळी:
पूर्ण सुकू द्या मग झाकण लावा, ओलसर राहिला तर बुरशी येते. त्यातून पुढे स्टेम सेल वगैरे मिळतील या आशेवर राहू नका, कॉर्ड ब्लड बँकिंग (नाळेतलं रक्त साठवणं) वेगळं, ते रक्त जन्मल्याबरोबर लगेच घ्यावं लागतं.

साधा_माणूस:
कपड्यांच्या कप्प्यात नको एवढीच विनंती. पाहुण्यांनी उघडलं तर?

निशिकासाईकर:
थँक्यू सगळ्यांना! पाचवी पुजली, पाटावरवंटा नाही म्हणून मोबाईलवर फोटो लावला, सासूबाई दोन दिवस बोलत नव्हत्या. मिनामाताचं वाचून दाखवलं तर म्हणाल्या ठेव मग, पण देवाच्या कप्प्यात नको. ब्रशचं मात्र त्यांना भलतंच आवडलंय, फक्त जावळ मामाच्या मांडीवरच काढायचं आणि मामा येणार डिसेंबरात. ओसाकावाले, केस किती लांब लागतात, तोवर पुरतील का?