पुढची माझदा एमएक्स-५: अडीच लिटरचं इंजिन घालून ती स्वस्त आणि हलकी राहील का?

काटेवाला_मार्केटयार्ड

नोव्हेंबर २०२४ मध्ये जपानच्या माझदाने स्कायॲक्टिव्ह-झेड हे नवं अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन जाहीर केलं. ते आधी सीएक्स-५ या एसयूव्हीमध्ये येणार आहे. पुढे कंपनीच्या वरिष्ठांनी सांगितलं की पुढच्या पिढीच्या एमएक्स-५ लाही हेच इंजिन बसवायचा विचार आहे. मॅन्युअल गियर राहील, आणि गाडी वजनात एक टनाच्या आत, लांबीत चार मीटरच्या आत ठेवायची त्यांची इच्छा आहे.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन सीट, उघडणारं टप, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात पहिली आली तेव्हा १६०० सीसी, ११६ हॉर्सपॉवर, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास आणि अमेरिकेतली किंमत १३,८०० डॉलर. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली. दोन सीटच्या उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कारमध्ये एवढा खप जगात दुसऱ्या कुणाचाच नाही. सध्याची चौथी पिढी २०१५ पासून चालू आहे. जपानमधलं १५०० सीसीचं सगळ्यात साधं मॉडेल आलं तेव्हा फक्त ९९० किलोचं होतं.

माझं स्पष्ट मत आहे की अडीच लिटर ही घोडचूक ठरेल. लोकांनी ही गाडी ताकदीसाठी कधीच घेतली नाही. वाकणावर ती हातात राहते, म्हणून घेतली. इंजिन मोठं केलं की गियरबॉक्स दणकट लागतो, मग ब्रेक मोठे, मग टायर रुंद, मग ते सगळं पेलायला सस्पेन्शन जाड. वजन कधी एकटं येत नाही, आणि त्याच्या मागोमाग किंमत येते.

माझा वजनकाट्याचा धंदा आहे. कांद्याच्या ट्रकांच्या मध्येच एकदा एक पोरगा जुनी मारुती ८०० घेऊन आला, 'मालक, हिचं वजन करून द्या' म्हणाला. डिस्प्लेवर ६५० आलं. मागे थांबलेल्या एसयूव्हीवाल्याने हौसेने आपली चढवली, तर १७०० च्या वर. तीच ८०० मी तुळजापूर घाटात चालवून बघितली. अर्ध्या वळणात ॲक्सिलरेटर सोडला की नाक आत वळतं, ते मनगटाला कळतं. हे सुख हलकेपणाचं आहे, सीसीचं नाही. माझदाने दीड लिटरच ठेवावं.

सातरस्ता_गॅरेज

मालक, तुम्ही सीसी बघून घाबरलात. अडीच लिटर कशासाठी आलं ते आधी बघा.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण अचूक असेल तरच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, नीट काम करतो. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा. अशा छोट्या इंजिनाला पूर्ण दाबलं की आत उष्णता एवढी वाढते की बरीच इंजिनं जास्तीचं पेट्रोल सोडून स्वतःला थंड ठेवतात. त्या क्षणी मिश्रण बिघडतं आणि धूर घाण होतो. युरोपात नव्या मॉडेलांना नोव्हेंबर २०२६ पासून धुराचे युरो ७ नियम लागू होणार आहेत. पुढे अशा पळवाटा अवघड होत जाणार. माझदाचा मार्ग सरळ आहे: टर्बो नको, इंजिनाचं पोट मोठं ठेवा, आणि पूर्ण दाबलं तरी मिश्रण अचूकच राहू द्या. मोठं इंजिन ताकदीच्या हव्यासापोटी आलेलं नाही, स्वच्छ राहून जगण्यासाठी आलंय.

आता वजन. सीसी वाढलं म्हणून इंजिन त्याच प्रमाणात जड होत नाही. ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि सिलेंडर चारच. उलट टर्बो, त्याची हवा थंड करणारा इंटरकूलर, त्याचे पाइप आणि जास्तीचं कूलिंग हे सगळं वाचतं. मी रोज टर्बो गाड्या उघडतो, बॉनेटखाली हात घालायला जागा नसते.

पूर्वभाग_टेरीटॉवेल

दोघांचंही वाचलं. पण ही 'स्वस्त' गाडी कुणाला स्वस्त? माझदा भारतात गाड्या विकतच नाही. समजा आणलीच, तर हिशोब करू. जपानमध्ये सगळ्यात साधं मॉडेल सुमारे २९ लाख येनला, म्हणजे आपले १६-१७ लाख. त्यावर ७० टक्के आयात शुल्क धरलं की २९ लाख. त्यावर ४० टक्के जीएसटी, झाले ४० लाख. रजिस्ट्रेशन आणि विमा धरून ४५ च्या पुढे. खोटं वाटत असेल तर फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय बघा, २०२५ मध्ये आयात होऊन आली ती ५३ लाखांना.

आणि चालवणार कुठे? अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एकेक स्पीडब्रेकर असा की माझ्या साध्या हॅचबॅकचं पोट घासतं. मे महिन्यात पारा ४३ ला गेल्यावर टप उघडणार कोण? घरात आई आहे, दोन पोरं आहेत. गुरुवारी अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला दोन सीटवर कोण कोण बसणार?

आपली परवडणारी स्पोर्ट्स कार म्हणजे टाटाची अल्ट्रोझ रेसर नाहीतर ह्युंदाईची आय२० एन लाइन. दोन्हींना १२० पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच) आहे. अल्ट्रोझ रेसर २०२४ मध्ये साडेनऊ लाखांपासून आली. चर्चा करायचीच तर यांच्या पुढच्या पिढीची करा. तीत मागच्या सीटवरही माणूस बसतो.

काटेवाला_मार्केटयार्ड

अण्णा, तुमचे आकडे मला मान्य आहेत. पण गाडी सोलापुरात आली नाही म्हणजे तिचा आपल्याशी संबंध नाही, हे मान्य नाही. १९८९ च्या त्या एका गाडीने सगळ्यांना दाखवून दिलं की दोन सीटची उघडी गाडी अजून खपते. तिच्या पाठोपाठ फियाटने बार्केटा काढली, एमजीने एमजीएफ काढली, बीएमडब्ल्यूने झेड३ काढली. तिथे जे ठरतं ते पाच-दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत उतरतं. म्हणून तिथे हलकेपणा टिकला पाहिजे.

आणि एन लाइन काय, रेसर काय, चांगल्या गाड्या आहेत, पण त्या पुढच्या चाकांनी ओढतात. त्याच चाकांनी वळायचं आणि त्यांनीच ओढायचं. मागची चाकं ढकलतात तेव्हाचं वळण वेगळं असतं ओ.

जुळेसोलापूर_शनिवारची_परतीची

मी पुण्यात वाहनांच्या सुट्या भागांच्या डिझाइनमध्ये काम करते. दर आठवड्याला टेंभुर्णी-मोहोळ रस्त्याने घरी येते.

अण्णा, हिशोब अचूक आहे, पण तो जपानी गाडीसाठी. प्रश्न असा विचारा: अशी गाडी इथेच बनली तर? २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल गाडी चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीपर्यंत असेल तर जीएसटी १८ टक्के. एक जरी अट मोडली तर ४०. आताची एमएक्स-५ लांबीला ३९१५ मिलिमीटर आहे. म्हणजे लांबीत ती पास होते आणि इंजिनात नापास. दीड लिटर असो की अडीच, आपल्या कराला दोन्ही सारखेच. काटेवाले काका, तुमची दीड लिटरची मागणी इथे एक रुपयाही वाचवत नाही.

आता दुसरी गाडी आठवा. मार्च २०१७, जिनिव्हाचं प्रदर्शन. टाटांनी टॅमो रेसमो ही दोन सीटची गाडी दाखवली. लांबी ३८३५ मिलिमीटर, १२०० सीसी टर्बो, १९० पीएस, इंजिन सीटच्या मागे, ताकद मागच्या चाकांना, आणि सांगितलेलं वजन ८०० किलो. ती कधी शोरूममध्ये आलीच नाही. मला त्या गाडीची आजही हळहळ वाटते. तेव्हा मी कॉलेजात होते, तिचे फोटो वहीत चिकटवले होते. आज ती असती तर १८ टक्क्यांत बसली असती. आपल्या रस्त्यावरच्या पुढच्या स्वस्त स्पोर्ट्स कारचा अंदाज बांधायचा असेल, तर माझदाच्या हिरोशिमाकडे कमी आणि त्या आराखड्याकडे जास्त बघायला हवं.

सातरस्ता_गॅरेज

ताई, रेसमो मलाही आवडली होती. पण १२०० सीसीतून १९० पीएस म्हणजे टर्बोला चांगलंच पिळणं आलं. आपल्या उन्हात इंटरकूलरमध्ये जाणारी हवाच तापलेली असते. हवा तापली की नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचं अवेळी पेटणं, टाळायला इंजिनाचा कॉम्प्युटर (इसीयू) ठिणगीची वेळ मागे घेतो, आणि कागदावरचे १९० रस्त्यावर मिळत नाहीत. दुपारी दोन वाजता सर्व्हिसला आलेली टर्बो गाडी आणि सकाळी सहाची तीच गाडी, फरक चालवताना कळतो. १२०० च्या अटीत बसायचं म्हणून टर्बो लावायचा, हा इंजिनाचा विचार नाही, कराचा आहे.

पूर्वभाग_टेरीटॉवेल

आणि घेणार किती जण? २०१५ मध्ये आपल्याच रांजणगावात बनलेली फियाटची अबार्थ पुंटो आली होती. १४५ हॉर्सपॉवर, ९.९५ लाख. त्या किमतीत एवढी ताकद दुसऱ्या कुणाकडे नव्हती, पाच जण बसत होते. सोलापुरात रस्त्यावर किती दिसल्या तुम्हाला? कंपनी गाडी बनवते, पण बाजार साथ देत नाही. हे मी टॉवेलच्या धंद्यातही बघितलंय. उत्तम सुताचा जाड माल सगळे हात लावून बघतात, घेतात दुसराच.

होटगीरोड_सोलर

सगळे पेट्रोलवरच अडकलात. करच बघायचा तर इलेक्ट्रिक गाडीला जीएसटी ५ टक्के आहे. लांबीची अट नाही, सीसीची भानगड नाही. महिंद्राची बीई ६ चाकणला बनते, मोटर मागे, ताकद मागच्या चाकांना, छोट्या बॅटरीला २३१ पीएस आणि मोठीला २८६. नोव्हेंबर २०२४ मध्ये १८.९० लाखांपासून जाहीर झाली. रीअर व्हील ड्राइव्हची एवढी ताकद या पैशात कुठल्या पेट्रोल गाडीत आहे, सांगा. दोन सीटची उघडी गाडीच हवी असेल तर एमजी सायबरस्टर आलीच आहे, ५१० पीएस, शंभरचा वेग ३.२ सेकंदांत. २०२५ मध्ये ती ७५ लाखांना आली, पण बॅटरी स्वस्त होत जाते, तसं हेही खाली येणार. पुढची पिढी पेट्रोलची काढणं म्हणजे मागे बघत चालणं.

काटेवाला_मार्केटयार्ड

दादा, सायबरस्टर दोन टनांच्या घरात जाते. त्यात दोन एमएक्स-५ बसल्या. सरळ रस्त्यावर ती बाणासारखी सुटेल, त्याबद्दल वाद नाही. घाटात ते दोन टन थांबवायचे ब्रेकने आणि वळवायचे टायरने. तुम्ही वेग सांगताय, मी वळण सांगतोय.

होटगीरोड_सोलर

म्हणून मोठी बॅटरी घालूच नका. ३० युनिटची पुरे. एका युनिटला ढोबळ सहा-सात किलो धरा, म्हणजे पॅक दोनशे किलोचा. त्यातून इंजिन, गियरबॉक्स, टाकी आणि सायलेन्सर वजा करा. अकराशे किलोची इलेक्ट्रिक दोन सीटर अशक्य नाही. रेंज दोनशेच्या आसपास मिळेल. इथून तुळजापूर ४५ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन, घाटात दोन फेऱ्या मारूनही उरते. उतरताना थोडं चार्जिंग परत मिळतं ते वेगळं. रोज पुण्याला जायला ही गाडी कुणी घेत नाही, दुसरी गाडी घरात असतेच.

जुळेसोलापूर_शनिवारची_परतीची

हा मुद्दा पटण्यासारखा आहे. फक्त एक अडचण आहे: जोरात चालवली की ही रेंज निम्म्यावर येते, आणि छोट्या पॅकमधून सतत जोर काढला की तो तापतो. बाहेर ४३ असताना त्याला थंड ठेवायला पुन्हा पंप, रेडिएटर, पाणी. सातरस्ता दादांनी टर्बोबद्दल जे सांगितलं तेच इथे दुसऱ्या वाटेने येतं. तरी ११०० किलोची इलेक्ट्रिक कुणी बनवली तर रांगेत मी पहिली असेन. अजून तशी कुणी स्वस्तात बनवलेली नाही. तोवर मला गियरची दांडी हवी आहे.

काटेवाला_मार्केटयार्ड

मूळ मुद्द्यावर येतो. कर फक्त इथेच सीसी बघतो असं नाही. जपानमध्ये दरवर्षीचा वाहन कर इंजिनाच्या आकारावर असतो: दीड लिटरपर्यंत ३०,५०० येन, दोन ते अडीच लिटरला ४३,५००. तिथला तरुण साधं दीड लिटर का घेतो, त्याचं एक कारण हेही आहे. मोठं इंजिन काढायचं तर काढा, पण त्याच्या जोडीला छोटं ठेवा. फक्त अडीच लिटरच ठेवलं, तर १९८९ पासून ज्या गिऱ्हाइकाने ही गाडी जगवली त्यालाच दार बंद केल्यासारखं होईल.

सातरस्ता_गॅरेज

वर्षाला १३,००० येनचा फरक, आपले सात-आठ हजार रुपये. नवी गाडी घेणारा एवढ्यावरून मागे फिरत नाही. दोन इंजिनांना दोनदा मान्यता, दोनदा चाचण्या, त्याचा खर्च मात्र प्रत्येक गाडीच्या किमतीत चढतो. माझदा छोटी कंपनी आहे, एकच चांगलं इंजिन केलं तरच गाडी स्वस्त राहील.

मालक, गाडी समोर आली की सीसी सोडा आणि कागदावरचं वजन बघा. हजार किलोच्या आत असेल तर तुमचा आक्षेप गेला. अकराशेच्या वर गेली तर माझं म्हणणं गेलं, आणि तेव्हा मी इथेच तसं लिहीन.