शरदातले पंख : पावसाळा ओसरल्यानंतरच्या पक्षीनिरीक्षणाचे अनुभव

आश्विनातले ऊन तापू लागले, की माळावरचे गवत पिवळे पडत जाते आणि आभाळ धुऊन काढल्यासारखे स्वच्छ होते. तरीही आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कॅमेऱ्याची पिशवी बाहेर निघते ती डिसेंबरात, रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकदंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) मोठ्या संख्येने दिसू लागल्यावरच. माझ्या मते वर्षातला सर्वांत जास्त शिकवणारा काळ त्याआधीच होऊन गेलेला असतो. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत जाणारे आणि येणारे पक्षी एकाच परिसरात भेटतात. पावसाबरोबर आलेला चातक आफ्रिकेकडे परतत असतो, करडा धोबी ओढ्याकाठी शेपटी हलवत फिरू लागलेला असतो आणि काही पक्षी तर केवळ वाटेतला मुक्काम म्हणून चार-आठ दिवस थांबून पुढे निघून जातात.

या काळातला आपला एखादा अनुभव सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. छायाचित्र किती सुंदर आले यापेक्षा पक्षी काय करत होता, उजेड कसा होता, आपण किती अंतरावर होतात आणि ओळखीची कोणती खूण पटली हे लिहिले, तर नव्याने बाहेर पडणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग होईल. घरट्यांचे आणि घुबडांच्या विश्रांतीच्या जागांचे नेमके ठिकाण मात्र कृपया देऊ नये.

सुरुवात मीच करतो; त्यानंतर प्रत्येक * खुणेपुढे दुसऱ्या एका निरीक्षकाने लिहिलेला अनुभव आहे. पहिली तीन वर्षे मी चिखलातल्या प्रत्येक तपकिरी पक्ष्याला नुसते ‘तुतवार’ म्हणून सोडून देत असे. एका ऑक्टोबरात भातखाचराच्या बांधावर पोटावर झोपून बसलो असताना दोन तुतवार समोर आले. एकाच्या पाठीवर ठळक ठिपके होते आणि डोळ्यावरून मागे जाणारी फिकट भुवई लांबवर दिसत होती. दुसरा अधिक काळपट होता आणि त्याची भुवई डोळ्यापाशीच संपत होती. दोघे उडाले तेव्हा काळपट पक्ष्याचे पंख खालून जवळजवळ काळे दिसले, पाठीमागे पांढराशुभ्र पट्टा चमकला आणि तीन सुरांची स्वच्छ शीळ ऐकू आली. तो हिरवा तुतवार होता, पहिला ठिपकेवाला. उडतानाचे छायाचित्र अगदी हलले होते, तरी पंखांची खालची बाजू त्यात दिसत होती, आणि ते छायाचित्र मी आजही जपून ठेवले आहे.

*

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणजवळ, मी दहा-बारा वर्षे जात आहे. भिगवणचे नाव ऐकून ऑक्टोबरात प्रथमच येणारे मित्र हमखास निराश होतात, आणि त्याचे कारण पक्ष्यांत नसून पाण्यात असते. पाऊस चांगला झाला की धरण काठोकाठ भरलेले असते, आणि ज्या चिखलात तुतवार, चिखले आणि शेकाटे अन्न शोधतात तो उथळ काठ पूर्णपणे बुडालेला असतो. भीमेचे पाणी शेतीसाठी सोडले जाऊन काठ उघडा पडू लागला, की मगच तेथे पक्ष्यांची दाटी होते. त्यामुळे शरदात मी मोठे जलाशय सोडून गावतळी, पाझर तलाव आणि कापणीनंतर पाणी साचलेली शेते धुंडाळतो. एका अशा तळ्यावर, ज्याची रुंदी शंभर पावलेही नसेल, मला एका सकाळी मोर शराटी, पाणलावे, ठिपकेवाले तुतवार आणि पिवळे धोबी असे सगळे एकत्र सापडले. तळ्याची पातळी दर आठवड्याला वहीत लिहून ठेवण्याची सवय मला त्यामुळे लागली, आणि पक्ष्यांच्या नोंदींइतकीच ती उपयोगी पडते.

*

नांदूर मधमेश्वरच्या मनोऱ्यावरून दुर्बीण लावून बदके ओळखणे हा माझा आवडता छंद आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे हे पाणथळ राज्यातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) असल्यामुळे हिवाळ्यात तेथे पुष्कळ गर्दी होते, परंतु ऑक्टोबरच्या अखेरीस मनोऱ्यावर मी बहुतेक वेळा एकटीच असते. या दिवसांत आलेल्या बदकांच्या नरांनी विणीच्या काळातला रंगीत पिसारा टाकलेला असतो आणि नवा अजून पूर्ण आलेला नसतो, त्यामुळे पुस्तकातल्या चित्राशी ते जुळत नाहीत. तलवार बदकाची लांब शेपटी नसते, थापट्याचे डोके हिरवे दिसत नाही. अशा वेळी आकारच कामी येतो: थापट्याची फावड्यासारखी रुंद चोच आणि तलवार बदकाची सडपातळ मान कोणत्याही पिसाऱ्यात लपत नाहीत. मी विद्यार्थ्यांना 5 ते 12 नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात येथे आणते आणि रंग न सांगता केवळ बाह्याकृती कागदावर काढायला लावते. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालिम अली यांच्या जन्मदिवसापर्यंतचा हा आठवडा इतक्या नेमक्या वेळी येतो याचा मला दरवर्षी आनंद होतो.

*

माळरानावरचा अनुभव लिहितो. दख्खनच्या गवताळ माळांवर ऑक्टोबरमध्ये भोवत्ये (हॅरियर हे शिकारी पक्षी) येतात, गवतावरून अगदी खालून तरंगत नाकतोडे आणि लहान पक्षी शोधतात आणि संध्याकाळी उंच गवतात जमिनीवरच एकत्र रात्र काढतात. पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या यांच्या माद्या व तरुण पक्षी वेगळे ओळखणे फार कठीण असते, आणि मला ते तीन हंगाम जमले नव्हते. शेवटी डोक्याचे स्पष्ट छायाचित्र मिळाले, तेव्हा गालावरच्या गडद पट्ट्यामागे गळ्याभोवती फिरणारी फिकट कॉलर दिसली आणि तो पांढुरक्या भोवत्याचा तरुण पक्षी ठरला.

ते छायाचित्र कसे मिळाले हे मुद्दाम सांगावेसे वाटते. आदल्या वर्षी आम्ही काही जणांनी गाडी गवतात घालून एका भोवत्याचा पाठलाग केला होता. पक्षी प्रत्येक वेळी आणखी दूर जाऊन बसत राहिला, आणि काळोख पडायच्या सुमारास तो माळ सोडून गेला. त्या दिवसाबद्दल मला अजूनही वाईट वाटते, कारण त्याची रात्रीची जागा आम्ही हिरावून घेतली होती. पुढच्या वर्षी मी कच्च्या रस्त्यावरच गाडी उभी केली, इंजिन बंद केले, खिडकीत वाळूची पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवली आणि पहाटेपासून साडेनऊपर्यंत तेथून हललो नाही. पक्षी माणसाच्या उभ्या आकृतीला घाबरतात, थांबलेल्या गाडीला फारसे नाही. सव्वाआठच्या सुमारास भोवत्या स्वतःच गाडीच्या दिशेने माळ चाळत आला. शटरचा वेग 1/2000 ठेवला होता, आणि मागे उजळ आभाळ असल्यामुळे एक्स्पोजर (छायाचित्रात घेतला जाणारा उजेड) एक थांबा (स्टॉप), म्हणजे दुप्पट, वाढवले होते. तसे केले नसते तर चेहरा काळाच आला असता आणि गळ्याची कॉलर दिसलीच नसती.

*

आमच्या मागच्या भिंतीवर दर ऑक्टोबरात कृष्ण थिरथिरा हा छोटा पक्षी येतो. मी गुडघेदुखीमुळे फार फिरू शकत नाही, म्हणून त्याची पहिली तारीख लिहून ठेवते. सात वर्षांच्या सातही तारखा एकमेकींपासून बारा दिवसांच्या आत आहेत.

*

सप्टेंबरच्या अखेरीस तारेवर बसलेल्या पक्ष्याला मी नेहमीचा नीलपंख समजून गाडी पुढे नेणार होतो. सोबतच्या मुलीने त्याचे डोके आणि छाती सारखीच फिकट निळी असल्याचे दाखवले. आपल्याकडच्या नीलपंखाची छाती तपकिरी, फिकट रेषांची असते. पक्षी उडाला तेव्हा उरलेली शंकाही गेली: आपल्या नीलपंखाच्या पंखांवर गडद आणि फिकट निळ्याचे पट्टे झळकतात, याच्या पंखांची टोके मात्र काळपट होती. आफ्रिकेकडे जाताना पश्चिम भारतावरून जाणारा युरोपीय नीलपंख आम्हाला जेमतेम चार मिनिटे दिसला. ओळखीच्या पक्ष्याकडेही दुर्बिणीतून एकदा पाहायचे, हा नियम मी त्या दिवसापासून मोडलेला नाही.

*

अमूर ससाण्याविषयी लिहिल्याशिवाय हा विषय माझ्यासाठी पूर्ण होणार नाही. जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा हा शिकारी पक्षी सायबेरियाचा आग्नेय भाग आणि उत्तर चीन येथून निघतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य भारतात मोठ्या संख्येने थांबतो, भारत ओलांडतो आणि अरबी समुद्रावरून न थांबता उडत दक्षिण आफ्रिकेच्या दिशेने जातो. 2012 साली नागालँडमधल्या दोयांग जलाशयाजवळ हे पक्षी जाळ्यांत प्रचंड संख्येने पकडले जात असल्याचे उघड झाले, आणि पुढच्याच वर्षी पांगती व आसपासच्या गावांनी ती शिकार थांबवली. 2013 मध्ये काही पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्रे बसवली गेली आणि त्यांतल्या एकाला पांगती हेच नाव मिळाले. हे वाचल्यापासून माझ्या मनात त्या पक्ष्याविषयी फार आपुलकी आहे.

लोणावळ्याच्या कड्यांवर नोव्हेंबरच्या शेवटी मी चार वर्षे वाट पाहिली. पाचव्या वर्षी दुपारी उन्हाने वर चढणाऱ्या हवेत काही लहान ससाणे गिरक्या घेत, उडणारे किडे पायांनी पकडून हवेतच खात असलेले दिसले. त्यांतला एक नर वळला आणि पंखांच्या खालचा पांढरा भाग लख्ख दिसला, करड्या शरीरावर मांड्यांचा तांबूस रंगही दिसला. माझ्याकडच्या 400 मिलिमीटरच्या लेन्समधून पक्षी ठिपक्याएवढाच आला. मी दोन छायाचित्रे घेऊन कॅमेरा खाली ठेवला आणि उरलेला वेळ दुर्बिणीतून पाहत राहिलो, कारण तो पुढच्या दोन दिवसांत समुद्रावर असण्याची शक्यता होती.

*

पांढऱ्या पक्ष्यांबाबत एक सूचना करते. मागे गडद पाणी असताना कॅमेरा चित्र उजळवतो आणि बगळ्यांची पिसे सपाट पांढरी होऊन त्यांतला तपशील कायमचा जातो, म्हणून मी एक्स्पोजर पाऊण थांबा कमीच ठेवते. शिवाय साडेनऊनंतर ऑक्टोबरच्या उन्हात पाण्यावरची हवा थरथरू लागते. त्या वेळी दूरच्या पक्ष्याचे चित्र कितीही महागड्या लेन्सने स्पष्ट येत नाही, तेव्हा मी नोंदी लिहून त्या ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर घालते.

*

शेवटचा अनुभव मागच्या नोव्हेंबरातला. आमच्या आधीची एक नाव थवा उडावा म्हणून थेट पक्ष्यांत घातली गेली होती. उडणाऱ्या थव्याची छायाचित्रे त्या मंडळींना मिळाली आणि पक्षी अर्धा किलोमीटर दूर जाऊन बसले. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला भरपूर खायचे असते, आणि असे प्रत्येक उड्डाण त्याच्या ताकदीतून वजा होते. मी आमच्या नावाडीकाकांना विनंती केली, “काका, मशीन बंद करून इथेच थांबू या, आम्हाला उडवायचे नाहीत.” त्यांनी लगेच मशीन बंद केली आणि बांबू चिखलात रोवून नाव स्थिर केली. दूरवर चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पांढरे पक्षी) चोच पाण्यात बुडवून डोके डावी-उजवीकडे फिरवत चालले होते, त्यांच्या मागोमाग लहान बगळे उडालेले मासे टिपत होते. आम्ही कोणीच उभे राहिलो नाही. साधारण चाळीस मिनिटांनी चमच्यांनी खाता खाता स्वतःहून दिशा बदलली आणि रांगेने नावेकडे चालत येऊ लागले; त्यांतला पहिला इतका जवळ आला, की लेन्सला फोकस करायला पुरेसे अंतरही उरले नाही.