इचलकरंजीतलं लहानपण : कोण मालकाचं, कोण कामगाराचं?

पंचगंगाकाठ : काल भावानं व्हिडिओ पाठवला, आमच्या गल्लीतल्या शेडातले साधे यंत्रमाग भंगारात निघाले, टेम्पोत चढवतायत. लई वाईट वाटलं. बाबा तिथंच मागावर होते, आई त्याच मालकांकडं कांड्या भरायची, म्हणजे मागासाठी कांडीवर सूत गुंडाळायची. मालकांची मुलगी नि मी एका बाकावर बसायचो. शेडाच्या वरच त्यांचं घर, ती वर बोलवायची पण मी जिन्यातच बसायची, कारण आईनं बजावलेलं, वर जाऊन काय खाऊबिऊ नको, उद्या उचल (आगाऊ पैसे) मागायची आहे. तुमच्याकडं कसं होतं, लिहा ना.

जुना_धोटा : आम्ही त्या जिन्याच्या वरचे 🙂 पण खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, कापडही त्याचंच, आम्हाला नुसती विणायची मजुरी. कामगार आमच्या वडलांना, आण्णांना, मालक म्हणायचे नि तेच आण्णा व्यापाऱ्याच्या पेढीवर पैसे मागायला गेले की दारातच उभे असायचे, मी सोबत असायचो, बस म्हणून कुणी म्हणायचं नाही. बिल अडकलं की आमच्याही घरात आमटी पातळ. तरी शाळेत मी मालकाचा पोरगा, हे खरंच.

गावभागकर : कुठली गल्ली ताई?

वैशू_आक्का : भाकरी टाकता टाकता लिहितेय. फॉल्टच्या पिसातनं, म्हणजे विणताना खराब झालेल्या कापडातनं, आम्हा सगळ्या भावंडांना एकाच कापडाचे कपडे, कडेला तेलाचा डाग असायचाच, आई तो बरोबर शिलाईत दडपायची. रस्त्यात लोक ओळखायचे, ही अमक्या शेडातली पोरं. दिवाळीचा बोनस मिळाला की मात्र दुकानातला फ्रॉक!!

सोलापुरी : आमच्याकडं चादरीचे माग. आजी विड्या वळायची, रोजची हजार, पानं कातरायला आम्ही पोरं. शाळेत हाताला तंबाखूचा वास यायचा म्हणून मी हात खिशात ठेवायचो.

पंचगंगाकाठ : @सोलापुरी दादा 🙏 वाचून डोळ्यात पाणी आलं.

संध्या_के : 2013 चा मजुरीवाढीचा संप. मी सहावीत. दिवसरात्र खडखडाट ऐकायची सवय, सगळं बंद झाल्यावर धाकट्याला झोपच येईना. किराणावाल्या काकांनी वही काढून उधारी दिली, एकदा पण तोंड वाकडं केलं नाही. त्यांच्या पोरीच्या लग्नाला पप्पांनी आठवणीनं आहेर केला.

जुना_धोटा : त्या संपात आमचे पण माग उभे. रात्री आण्णा नि आमचे जॉबर (माग दुरुस्त करणारे) कट्ट्यावर एकत्र चहा प्यायचे, सकाळी बोलायचे नाहीत. ते मला अजून कळलेलं नाही.

गावभागकर : विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला 1904 ला. त्याचं काहीतरी जपून ठेवा रे कुणीतरी. सगळं भंगारात नको.

वैशू_आक्का : संध्या, पप्पा बरे आहेत का गं?

संध्या_के : बरे आहेत, ऐकू फार कमी येतं. मागावरच्या सगळ्यांचं तेच. कानाचं मशीन घेऊन दिलंय, लावत नाहीत.

पंचगंगाकाठ : आमच्या बाबांचं पण सेम. सुरुवातीला टीव्हीपुरतं लावायला सांग, मग सवय होते.