लहान केसमध्ये रायझन ७६०० आणि विदर्भाचा उन्हाळा: कोणता लो-प्रोफाइल कूलर घेऊ?

नमस्कार मंडळी,

सीपीयू कूलर बदलायचाय. रिव्ह्यू भरपूर वाचले, तरी निर्णय होत नाहीये.

मशीन असं आहे: प्रोसेसर रायझन ५ ७६००, मिनी-आयटीएक्स (छोट्या आकाराचा) बोर्ड, केस फ्रॅक्टल डिझाइन नोड २०२. या केसमध्ये कूलरला जेमतेम ५६ मिमी उंची मिळते. सध्या प्रोसेसरसोबत आलेला रेथ स्टेल्थ कूलरच लावलाय, तो ५४ मिमीचा. म्हणजे पंखा आणि झाकणाची जाळी यांच्यात उरतात २ मिमी, त्यात जाळीला धुळीचा फिल्टर. दाविंची रिझॉल्व्हमध्ये (व्हिडिओ एडिटिंग) एक्सपोर्ट लावला की थोड्याच वेळात ९५ अंश, पंखा किंचाळतो आणि क्लॉक (प्रोसेसरचा वेग) खाली येतो. झाकण काढलं की आवाज लगेच उतरतो, म्हणजे पंख्याला हवाच पुरत नाहीये. प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट नवीन आहे, तिची शंका नको.

७६०० चा टीडीपी (कंपनीने दिलेला उष्णतेचा आकडा) ६५ वॅट असला तरी तो ८८ वॅटपर्यंत खेचतो. बायोसमध्ये पीपीटी (प्रोसेसरने जास्तीत जास्त किती वॅट खेचायचे ती मर्यादा) ६५ वर बांधून पाहिली. एक्सपोर्टला थोडा वेळ जास्त लागतो, पण आवाज बराच कमी होतो. गरज पडली तर असंच कायम ठेवायची तयारी आहे.

खरी अडचण पुढे आहे. मी अकोल्याचा. मे महिन्यात बाहेर ४४-४५ आणि दुपारी खोलीत ३८ सहज असतं. बहुतेक रिव्ह्यू २०-२५ अंशांच्या खोलीत केलेले. तिथे ९५ ची मर्यादा गाठेपर्यंत ७० अंशांची मोकळीक, माझ्याकडे ५७ ची. त्यामुळे 'लोडवर ८० अंश' या आकड्याचा मला काही उपयोग नाही, खोलीपेक्षा किती जास्त ते कळलं पाहिजे. शिवाय दिवसभर डेझर्ट कूलर चालतो. त्याच्या दमट हवेने फिल्टरवरच्या धुळीचा राखाडी लगदा होतो, तो ब्रशने निघत नाही, फिल्टर धुवावाच लागतो.

डोळ्यासमोर तीन कूलर आहेत. नॉक्टुआ एनएच-एल९ए-एएम५ फक्त ३७ मिमीचा, हवेला भरपूर जागा सोडतो, पण हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) दोनच आणि किंमत बरीच जास्त. थर्मलराइट एएक्सपी९०-एक्स४७ ला चार हीटपाइप, उंची ४७ मिमी, वर ९ मिमी मोकळे. त्याचाच भाऊ एक्स५३ आणखी उंच, पण तिथे ३ मिमीच उरतात आणि पुन्हा आहे तीच गत होईल असं वाटतं. माझा कल एक्स४७ कडे आहे. रॅम बिनहीटसिंकची, बुटकी आहे, त्यामुळे तिथे अडायला नको.

आता विचारायचं ते असं. एक्स४७ घेतला तर उरलेल्या ९ मिमीत फोमची चौकट लावून पंखा थेट जाळीला जोडावा का? नाहीतर केसमधलीच गरम हवा परत ओढली जाईल अशी भीती आहे. आणि कोणी पंखा उलटा, म्हणजे हवा बाहेर फेकणारा लावून पाहिलाय का? तसं केलं तर व्हीआरएमवर (बोर्डवरचा प्रोसेसरला वीज पुरवणारा, तापणारा भाग) वारा येणार नाही, म्हणून मन धजत नाही.

नागपूर, अमरावती, जळगाव, परभणीकडच्या कुणाकडे असं लहान मशीन असेल तर कृपया खोलीचं तापमान, पीपीटी किती ठेवलीय आणि अर्धा तास लोड दिल्यावरचा आकडा, हे तिन्ही एकत्र सांगा. पुण्या-मुंबईच्या एसी खोलीतले आकडेही चालतील, फक्त खोलीचं तापमान सोबत लिहा.