मदत हवी आहे : फ्रेमच्या वर्कशॉपसाठी काच आणि बोर्ड कापण्याचे यंत्र कोणते घ्यावे?

खानापूर फ्रेम्स :
नमस्कार. कर्नाटकात बेळगावजवळच्या खानापूरला माझे फोटो फ्रेम करण्याचे वर्कशॉप आहे. काच आणि बोर्ड एकाच यंत्रावर कापता यावेत म्हणून भिंतीवर बसवायचे उभे कटर घेण्याचे मी ठरवले आहे. परंतु फ्लेचर ३००० घ्यावे की कीनकटचे एक्सकॅलिबर घ्यावे, याचा निर्णय होत नाही. दोन विक्रेत्यांशी बोललो, तर प्रत्येकाने आपल्याच यंत्राचे गुण सांगितले. शुक्रवारी आगाऊ रक्कम भरायची आहे. ज्यांनी अशी यंत्रे स्वतः वापरली आहेत त्यांनी कृपया स्पष्ट नाव सांगावे. ‘गरजेप्रमाणे घ्या’ हे उत्तर मला आतापर्यंत पुष्कळ जणांनी दिले आहे.

निपाणीचा फ्रेमवाला :
माझ्याकडे काही वर्षांपासून उभे कटर आहे, त्यामुळे सांगू शकेन, पण आपण जे लिहिले आहे त्यावरून नाव सांगणे शक्य नाही. काच किती मिलिमीटरची कापता? बोर्ड म्हणजे माउंट बोर्ड (चित्राभोवती खिडकीसारखा कापून लावायचा जाड कागदी बोर्ड), सनबोर्ड, हार्डबोर्ड की एमडीएफ (लाकडाचा भुसा रेझिनने दाबून केलेला बोर्ड)? सर्वांत मोठे माप किती आणि दिवसाला किती नग होतात? यंत्र ज्या भिंतीवर बसवणार ती कशाची आहे? सध्या काच कशी कापता, हेही लिहावे.

शहापूर काचकाम :
मी शहापुरात तीस वर्षे काच कापत आहे आणि माझा सल्ला असा की यंत्रात पैसे अडकवू नयेत. सपाट टेबल, त्यावर फेल्ट किंवा जाड सतरंजी, एका कडेला ठोकलेली सरळ पट्टी, काटकोन पाहण्याचा मोठा गुण्या आणि तेल भरण्याची सोय असलेला चांगला जपानी कटर एवढ्यावर फ्रेमचे सगळे काम होते. तेल नसेल तर चाक रॉकेलमध्ये बुडवून घ्यावे. रेघ एकदाच मारावी. रेघ उमटली नाही असे वाटून त्याच जागी पुन्हा चाक फिरवले, की चाकही जाते आणि काचही वाकडी तुटते. हात योग्य दाबाने चालला तर बारीक, एकसारखा आवाज येतो आणि रेघ केसासारखी दिसते. पांढरा भुगा उडू लागला तर दाब जास्त झाला असे समजावे. रेघ मारल्यानंतर काच लगेच तोडावी, जेवून आल्यावर तोडू म्हणून ठेवू नये.

खानापूर फ्रेम्स :
काका, आपल्या अनुभवाचा मला आदर आहे, परंतु हातकटरवर काम करूनच मी इथपर्यंत आलो आहे आणि आता त्यावर भागत नाही. काच नेहमीचीच आहे, बोर्ड पाठीमागे लावायचा. एका शिक्षणसंस्थेच्या प्रमाणपत्रांच्या ४०० फ्रेम गणेशोत्सवापूर्वी द्यायच्या आहेत. आता यंत्राचे नाव कोणी सांगेल का?

निपाणीचा फ्रेमवाला :
‘नेहमीची’ काच माझ्याकडे २ मिमीची असते, काकांकडे बहुधा ४ मिमीची असेल, म्हणून पुन्हा विचारतो. प्रमाणपत्राचे माप १२ बाय १८ इंच असेल, तर ४ बाय ६ फुटांच्या एका शीटमधून, शीटचे काठ शाबूत असल्यास, बरोबर १६ काचा निघतात, कारण रेघ मारून तोडताना काचेचा काहीही भाग वाया जात नाही. म्हणजे ४०० फ्रेमना २५ शीट पुरतील. मोडतोडीसाठी दोन-तीन जादा धराव्यात. एवढे काम दोन माणसे हाताने काही दिवसांत करू शकतात. त्यामुळे केवळ या ऑर्डरसाठी घाई करत असाल तर करू नका. वर्षभर असेच काम येणार असेल तर यंत्राचा विचार योग्य आहे.

उद्यमबाग फिटर :
परदेशी यंत्राच्या मागे लागण्यापेक्षा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत करून का घेत नाही? लिनिअर रेल, बेअरिंगचा कॅरेज, अॅल्युमिनियमचा सेक्शन आणि काच कापणारे कार्बाइड चाक, एवढेच तर त्यात असते. आमच्या भागात पंपाचे सुटे भाग मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक होतात, तर कटर का होणार नाही? मोडले तरी दुरुस्ती गावातल्या गावात होईल.

निपाणीचा फ्रेमवाला :
आपले कारागीर अशी वस्तू करू शकतील याबद्दल मला शंका नाही. तथापि या यंत्रात दीड मीटरहून लांब दांडी सरळ राहणे आणि ती खालच्या आधारपट्टीशी नेमक्या काटकोनात राहणे, हाच सगळा जीव आहे. पहिले यंत्र करताना दोन-तीन नमुने बिघडतातच आणि ज्याची ऑर्डर तोंडावर आहे त्याने तो प्रयोग आपल्या पैशाने करू नये. एक यंत्र तयार करून आपण स्वतः सहा महिने वापरून पाहिले असेल, तर मी सर्वांत आधी बघायला येईन.

उद्यमबाग फिटर :
नमुना तयार नाही, हे मान्य. परंतु आयात यंत्राची पाती आणि चाके संपल्यावर ती कोठून येणार, हा प्रश्न त्यांनी विक्रेत्याला विचारला आहे का?

निपाणीचा फ्रेमवाला :
हा मुद्दा मात्र खरोखर महत्त्वाचा आहे. बोर्डाचे ब्लेड साधे असेल तर कोठेही मिळते. काचेच्या चाकाचा धारक त्या त्या यंत्राचाच लागतो. यंत्राबरोबरच किमान दोन जादा संच बिलात धरून घ्यावेत.

चिकोडी हिशेबनीस :
एक गोष्ट कोणीच सांगितली नाही. यंत्र मुंबईहून, म्हणजे दुसऱ्या राज्यातून, घेतले तर बिलात आयजीएसटी लागेल, आपल्याच राज्यातल्या बेंगळुरूहून घेतले तर सीजीएसटी आणि एसजीएसटी. जीएसटीची नियमित नोंदणी असेल तर दोन्हीचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळते. मात्र आपण लहान व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर क्रेडिट मिळणार नाही आणि त्या योजनेत राहून कोल्हापूर किंवा सावंतवाडीच्या गिऱ्हाइकाला माल विकताही येणार नाही. सीमेवर धंदा करणाऱ्याने हे यंत्र घेण्यापूर्वीच पाहावे.

खानापूर फ्रेम्स :
कराची माहिती उपयोगी आहे, पण माझा तो प्रश्न नव्हता. निपाणीच्या दादांनी विचारलेली माहिती देतो. काच २ मिमीची. देवघराच्या आणि टेबलाच्या काचा आल्या तर ५ मिमीची. पाठीमागे ३ मिमी एमडीएफ. माउंट बोर्ड क्वचित लागतो. सर्वांत मोठी फ्रेम ३ बाय ४ फूट. लग्नसराईत दिवसाला तीस-चाळीस नग, पावसाळ्यात फार कमी. भिंत चिऱ्याची आहे. आतापर्यंत लिहिले नव्हते ते असे की गेल्या महिन्यात ६० काचांपैकी ११ काचा फ्रेममध्ये बसल्या नाहीत. एका कोपऱ्यात अडकतात आणि समोरच्या कोपऱ्यात फट दिसते. त्या काचा पुन्हा कापताना चार फुटल्या. म्हणूनच मला यंत्र हवे आहे.

शहापूर काचकाम :
हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. काच लहानमोठी नाही, ती गुण्यात नाही, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात नाहीत. उद्या सकाळी ४५० बाय ६०० मिमीची एक काच कापा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ७५० यायला हवेत. फरक आला तर आपली टेबलावरची पट्टी हलली आहे किंवा गुण्या पडून बिघडला आहे. त्याचबरोबर फ्रेमचेही कर्ण मोजा, कारण फ्रेमच्या पट्टीचे ४५ अंशांचे काप चुकले असतील तर कितीही चांगल्या यंत्रावर कापलेली काच त्यात बसणार नाही.

निपाणीचा फ्रेमवाला :
काकांशी मी इथे पूर्ण सहमत आहे. आता आपल्या कामाबद्दल. २ मिमी काच हा आपला रोजचा माल आहे आणि तो उभ्या कटरवर उत्तम कापला जातो, कारण काच खालच्या पट्टीवर स्वतःच्या वजनाने टेकते आणि माप स्टॉपला (अडसराला) लावून एकाच आकाराचे शंभर नग न मोजता निघतात. ५ मिमी काच मी यंत्रावर कापत नाही. ती टेबलावर हातकटरने कापतो, आपणही तसेच करावे. टफन केलेली (तापवून मजबूत केलेली) काच तर कोणत्याच यंत्रावर कापता येत नाही, ती आधी मापात कापून मगच टफन करून घ्यावी लागते. गिऱ्हाईक जुनी काच घेऊन ‘एवढी लहान करा’ म्हणाले तर आधी कोपऱ्यात टफनचा शिक्का आहे का ते पाहावे.

खरी अडचण एमडीएफची आहे. माहितीपत्रकात कापता येणाऱ्या मालाच्या यादीत त्याचे नाव असले तरी ३ मिमी एमडीएफला माझ्या ब्लेडने तीन-चार वेळा ओढावे लागते, ब्लेड लवकर बोथट होते आणि दिवसभर तेच केले तर खांदा भरून येतो. त्यामुळे विक्रेत्याला काच कापून दाखवायला सांगू नका, काच सगळेच कापून दाखवतात. सलग दहा एमडीएफ कापून दाखवायला सांगा, तेही आपण नेलेल्या शीटमधून. त्यात ज्या यंत्राचे ब्लेड धरणारे डोके हलणार नाही आणि दहावा तुकडाही पहिल्यासारखा निघेल ते घ्या. दोन्ही यंत्रे फ्रेमच्या कामासाठीच तयार केलेली आहेत, म्हणून नावावरून मी तरी निवड करणार नाही.

उद्यमबाग फिटर :
एमडीएफसाठी लहान टेबल सॉ घ्यावा, काम झटपट होते.

निपाणीचा फ्रेमवाला :
झटपट होते, परंतु त्याचा बारीक भुसा सगळीकडे बसतो आणि पुसलेल्या काचेखाली एक कण राहिला तरी फ्रेम पुन्हा उघडावी लागते. घ्यायचाच असेल तर वेगळ्या खोलीत, धूळ ओढण्याच्या यंत्रासह आणि मास्क लावून वापरावा. एमडीएफच्या रेझिनमध्ये फॉर्मल्डिहाइड असते, तो भुसा रोज छातीत जाऊ देऊ नये.

संकेश्वरची चित्रकार :
मी माझी जलरंगातली चित्रे फ्रेम करून घेते, म्हणून गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिते. माउंट क्वचित लागतो असे आपण म्हणता, पण तो चांगला कापून मिळाला तर आमच्यासारखी मंडळी वारंवार येतील. माउंटच्या खिडकीचा तिरका काप या उभ्या यंत्रावर निघेल असे समजून पैसे भरू नयेत. त्यासाठी माझे फ्रेमवाले वेगळा टेबलावरचा माउंट कटर वापरतात.

शहापूर काचकाम :
चिऱ्याच्या भिंतीबद्दल एक सांगतो. खानापूरच्या पावसात बाहेरची भिंत ओल धरते. यंत्र तिथे बसवले तर दांडी गंजेल आणि शेजारी ठेवलेला बोर्ड वाकेल. आतल्या भिंतीवर ओळंबा लावून बसवा, नाहीतर स्टँडवर उभे करा. काचेच्या शीटमध्ये कागद घालून ठेवा. ओलीत एकमेकींना चिकटलेल्या काचांवर जे डाग पडतात ते पुसून जात नाहीत.

खानापूर फ्रेम्स :
काका, आज सकाळी मोजले. एक कर्ण ७४८ आला, दुसरा ७५२. टेबलावरच्या पट्टीचा एक स्क्रू सैल होता आणि गुण्याही सरळ नव्हता. फ्रेमचे कर्ण मात्र बरोबर आहेत. नवीन गुण्या आणून पट्टी पुन्हा बसवली आणि त्यावर कापलेल्या आठ काचा आठही फ्रेममध्ये बसल्या. ४०० नगांची ऑर्डर आता हातानेच पूर्ण करतो आणि शुक्रवारची आगाऊ रक्कम थांबवली आहे. यंत्र गणेशोत्सवानंतर घेईन. तेव्हा दोन्ही विक्रेत्यांकडे आपली २ मिमी काच आणि एमडीएफची शीट घेऊन जातो. यंत्राचा काटकोन तिथल्या तिथे कसा तपासावा, एवढे कोणी सांगावे.

निपाणीचा फ्रेमवाला :
दोन फूट उंचीचा बोर्ड घेऊन यंत्रावर मधोमध उभा कापा. खालची कड पट्टीवर टेकलेलीच ठेवून एक तुकडा उलटा फिरवा, म्हणजे मागची बाजू पुढे येईल, आणि तो दुसऱ्या तुकड्यावर असा ठेवा की दोन्हींच्या कापलेल्या कडा एकाच बाजूला, एकमेकींवर येतील. वर किंवा खाली त्या दोन कडांमध्ये फरक दिसला तर यंत्र काटकोनात नाही आणि प्रत्यक्ष चूक त्या फरकाच्या निम्मी आहे. विक्रेत्याला ती आपल्यासमोर दुरुस्त करायला सांगा आणि कोणता स्क्रू फिरवला हे नीट पाहून घ्या, कारण टेम्पोतून खानापूरला आल्यावर तोच स्क्रू तुम्हाला पुन्हा फिरवावा लागेल.