शब्दचर्चा: ‘गावचा’, ‘गावातला’ आणि ‘कॉस्मोपॉलिटन’

प्रश्न: डोंगरातल्या एका खेड्यावरचा लेख मराठीत आणतोय. त्यात माणसांच्या दोन ओळखी आहेत, लोकल आणि कॉस्मोपॉलिटन. मूळच्यांना ‘स्थानिक’ आणि शहरातून येऊन घर बांधलेल्यांना ‘विश्वनागरिक’ म्हटलं तर चालेल?

प्रतिसाद १: नाही चालणार. ही जोडी समाजशास्त्रात रूढ केली अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी, १९४९ मध्ये. त्यांच्या अभ्यासातली दोन्ही प्रकारची माणसं एकाच गावात राहत होती. कॉस्मोपॉलिटन बहुतेक बाहेरून आलेले होते हे खरं, पण फरक पत्त्याचा नव्हता, लक्ष कुठे लागलंय याचा होता. त्यामुळे चार मुलूख हिंडून आलेला मेंढपाळ कॉस्मोपॉलिटन ठरू शकतो, आणि झऱ्याच्या पाण्याचं भांडण सोडून कशातच रस नसलेला निवृत्त शहरी माणूस पक्का लोकल.

प्रतिसाद २: माझी तक्रार ‘स्थानिक’वर आहे. तो लांबून पाहणाऱ्याचा शब्द. बातमीत ‘स्थानिकांनी मदत केली’ ठीक, पण गावात कुणी स्वतःला स्थानिक म्हणवत नाही. खरी मेख आपल्या प्रत्ययांत आहे. ‘वायरमन आहे का कुणी?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘गावातला आहे एक, पण गावचा नाही.’ ‘-तला’ राहण्यापुरता, ‘-चा’ नात्याचा. आडनावातला ‘-कर’ आणखी गमतीचा: गाव सुटलं की तो खरा कामाला येतो. गावात सगळेच तिथले, मग वेगळेपण काय सांगणार!

प्रश्नकर्ता: ‘गावचा’ घेतो. पण कॉस्मोपॉलिटनचं काय?

प्रतिसाद १: ‘विश्वनागरिक’ सत्कारातल्या मानपत्रासारखा वाटतो. मराठीत ‘कॉस्मोपॉलिटन’ रुळलाय तो वस्तीसाठी, नाना जातिधर्मांचे लोक राहतात अशा. माणसासाठी फारसा नाही. मूळ ग्रीक शब्द मात्र माणसाचाच: कॉस्मॉस म्हणजे विश्व, पोलितेस म्हणजे नागरिक. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या डायोजेनिस या ग्रीक तत्त्ववेत्त्याला ‘तू कुठला?’ विचारलं, तेव्हा त्यानं ‘विश्वाचा नागरिक’ हे उत्तर दिलं, अशी आख्यायिका आहे. म्हणजे प्रश्न कुठल्याही पारावरचा, आणि त्यानं कुठल्याच गावाला ‘-चा’ लावायला नकार दिला. शब्द तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे फोड करा.

प्रतिसाद २: आणि ‘बाहेरचा’ त्याच्या जागी चुकूनही नको. ते गावानं दिलेलं नाव आहे, ‘कॉस्मोपॉलिटन’ मात्र माणूस स्वतःच स्वतःला म्हणवतो.

प्रश्नकर्ता: मग वाक्य असं करतो: ‘ती वीस वर्षं गावात आहे, गावची झालेली नाही, आणि तिला व्हायचंही नाही.’